बॅटरीची केबल बदलली, दोष मात्र अर्थमध्ये निघाला

सेल मारता मारता डॅशबोर्डखाली चोकच्या केबलला हात लागला आणि चटका बसला. खरं तर तिथेच उलगडा व्हायला हवा होता. झाला नाही, आणि पुढचे कित्येक रविवार वाया गेले. त्याची चुटपुट अजून जात नाही.

गाडी १९५० च्या दशकातली, ब्रिटिश बनावटीची. १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल गाडीच्या बॉडीला जोडलेलं), बॅटरी मागे डिक्कीत. इंजिन थंड असलं की दोन-तीन फेरे कण्हत कण्हत व्हायचे आणि मग नुसतं ‘टक’. ज्याला विचारलं त्याने बॅटरी बदला म्हणून सांगितलं. बदलली. मग स्टार्टर उतरवून नवे कार्बन ब्रश बसवून घेतले. फरक शून्य. शेवटी एका जाणत्या मेकॅनिकने ‘जुन्या गाड्या अशाच फिरतात’ म्हणून विषय संपवला. या वाक्याचा मला आजही राग येतो. नवी असताना ही गाडी पहिल्या झटक्यात सुरू होत असणार. मग आता का नाही, याला कारण हवंच ना?

तेव्हा केबलकडे वळलो. जुनी केबल बाहेरून चांगली जाडजूड होती. कापली तर रबराखाली तांबं जेमतेम, तेही कळंक चढून हिरवं-काळं झालेलं. डिक्कीपासून स्टार्टरपर्यंत साधारण साडेतीन मीटर अंतर. स्टार्टर १५० अँपिअर ओढतोय असं धरलं, तर १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त वाटेतच जातो. ३५ च्या केबलमध्ये पाव व्होल्ट. मी ३५ ची घेतली. केबल घेताना वरच्या इन्सुलेशनच्या जाडीवर जाऊ नका, आतल्या तांब्याचं माप विचारा. (गाडी ६ व्होल्टची असेल तर याहून जाड घ्या. तेवढ्याच ताकदीला तिथे दुप्पट करंट लागतो.) थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, हातोडीने ठोकून बसवू नका; हायड्रॉलिक क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबून घ्या. मी एक नमुना दाबून मधोमध कापून पाहिला, आत तारांचा एकसंध गोळा झालेला दिसला, मगच खऱ्या केबलला हात घातला.

केबल ओवली, कसली, सेल मारला. पुन्हा तेच कण्हणं.

त्या संध्याकाळी मी गाडीवर कव्हर टाकलं आणि पंधरा दिवस तिच्याकडे पाहिलं नाही.

परत आलो तो मल्टिमीटर घेऊन. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही, आणि सोबतीला मुलाला सेल मारायला बसवलं. सेल चालू असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर १०.६ व्होल्ट, स्टार्टरवर मात्र ८.२. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेत गळत होते. नव्या केबलच्या दोन टोकांमध्ये मीटर लावला: ०.३. ती निर्दोष. मग बॅटरीचं अर्थकडचं टर्मिनल आणि स्टार्टरची बॉडी यांच्यात लावला: २.१! अर्थच्या बाजूचा प्रत्येक सांधा तपासत गेलो. बॅटरी ते डिक्कीतला बोल्ट, ०.१. बॉडीचं मागचं टोक ते पुढचं, जवळजवळ काही नाही. बॉडी ते इंजिन, २ व्होल्ट.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून वीज जात नाही, म्हणून गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी असते. माझ्या गाडीत ती होती, दिसायला धडधाकट. पण कधीतरी कुणीतरी चासी सुंदर रंगवली आणि पट्टी त्या रंगावरच कसली. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढाच जात होता. उरलेला डॅशबोर्डपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या चोकच्या धातूच्या केबलमधून वाट काढत होता, म्हणून ती तापत होती. स्टार्टरला जाणारा करंट जसा जातो तसाच परतही यावा लागतो. अर्थ म्हणजे अर्धं सर्किट. माझं सगळं लक्ष मात्र जाणाऱ्या केबलवर.

पट्टी नवी घातली. दोन्ही जागांचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली.

हे आधी सांगायला हवं होतं: पान्हा लावण्यापूर्वी बॅटरीची अर्थची केबल पहिली काढा आणि जोडताना शेवटी जोडा. ‘आधी निगेटिव्ह काढा’ हे पाठ असतं, पण पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आधी पॉझिटिव्ह काढायची. निगेटिव्ह सोडवताना पान्हा बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतील. शिवाय बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल जाड असतं, म्हणून मोठ्या भोकाचा क्लॅम्प इथे अर्थच्या केबलला लागतो. लाल-काळ्या रंगावर विसंबू नका. मी दोन्ही केबलींना चिठ्ठ्या बांधल्यात.

पुन्हा मोजलं. सेल चालू असताना बॅटरीवर १०.३, स्टार्टरवर ९.८. इंजिन असं गरगरलं की मुलगा दचकून मागे सरला. कॉइलची वायर जोडली आणि दुसऱ्या फेऱ्याला गाडी सुरू झाली. मी बराच वेळ ती बंदच केली नाही.

चोकची केबल मात्र नवी घालावी लागली. तापून तापून आतली तार नळीलाच चिकटून बसली होती.