फायबरची बोट मरत नाही

जुन्या शिडाच्या बोटी विकत घेण्याआधी त्यांची तपासणी करून लेखी अहवाल देणं हे माझं काम. माझी फी घेणारा देतो, बोट पाण्याबाहेर उचलण्याचा खर्चही त्याचाच, आणि अहवाल हाती आल्यावर सौदा करायचा की मोडायचा हेही तोच ठरवतो. विकणाऱ्याशी माझा तसा व्यवहार नसतो. पण अलीकडे कामाच्या दिवशी सगळ्यात जास्त बोलणं त्यांच्याशीच होतं, कारण अहवालाच्या शेवटी बाजारभाव लिहिलेला असतो आणि तो ऐकून हादरतात तेच.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे त्या दिवशीची बोट तीस फुटी, एका डोलकाठीची, १९८१ साली बांधलेली. मालक सत्तरीच्या पुढचे. निम्मं आयुष्य त्यांनी तिच्यावर काढलेलं. घेणारं जोडपं तिशीतलं, त्यांची ही पहिलीच बोट. क्रेनने बोट उचलून टेकूंवर ठेवली तेव्हा काका एक जाडजूड फाईल घेऊन खाली उभे होते. तारखेप्रमाणे लावलेल्या पावत्या: इंजिनाचं ओव्हरहॉल, नवी शिडं, जीपीएस, आतल्या गाद्या.

"मॅडम, आधी हे बघून घ्या," ते म्हणाले. "मी घातलेत त्याच्या चौथा हिस्सासुद्धा मागत नाहीये."

फाईल मी नीट पाहिली. बोट जिवापाड जपणारा मालक आहे हे पहिल्या पाच पानांत कळलं, आणि तपासणीत त्याला मोल असतं: इंजिनाचं तेल वेळच्या वेळी बदललेलं असणं वेगळं आणि तसं नुसतं तोंडाने सांगणं वेगळं. तरी एक पावती मी शोधत होते ती सापडली नाही. डोलकाठी उभी धरणाऱ्या तारांची.

डेकपासून सुरुवात केली. त्या काळातल्या बहुतेक बोटींच्या डेकला वर-खाली फायबरचा थर आणि मधे बाल्साचं लाकूड असतं. हलकं आणि ताठ, पायाखाली लवत नाही. पण डेकला पाडलेल्या प्रत्येक भोकात पाणी अडवणारं सीलंट असतं, ते काही वर्षांनी कडक होऊन तडकतं, मग थेंब थेंब पाणी आत उतरतं आणि बाल्सा कुजत जातो. वरून रंग चकचकीतच दिसतो. म्हणून मी छोटी हातोडी घेऊन वीत वीत ठोकत जाते. नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, मागे येताना आवाज खणखणीत येत होता. डोलकाठीच्या डाव्या अंगाला पोचले आणि तो एकदम बसला. टक् टक् चालू होतं त्याचं भद् भद् झालं. मी खडूने हद्द आखत गेले. रेघेला रेघ मिळाली तेव्हा दोन हात लांबीचा पट्टा तयार झाला होता. काका माझ्या शेजारी उभे होते. त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही, आवाज त्यांनीही ऐकला होता.

त्या पट्ट्याच्या मधोमध चेनप्लेट होती. डोलकाठीच्या तारा ज्या पोलादी पट्टीला जोडलेल्या असतात ती पट्टी, डेकमधून खाली जाऊन केबिनमधल्या लाकडी आडभिंतीला बोल्टने आवळलेली. आतलं फळकूट काढलं तर आडभिंतीचं प्लायवुड काळं पडलेलं, पेचकसाचं टोक सहज आत जात होतं. आणि पट्टी डेकमधून जिथे शिरते तिथे तपकिरी रेघ. स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही असं लोक धरून चालतात. त्याला न गंजण्यासाठी हवा लागते. ओल आहे आणि हवा नाही अशा फटीत ते आतल्या आत खाल्लं जातं आणि एखाद्या वाऱ्याच्या दिवशी सूचना न देता तुटतं. चेनप्लेट तुटली की डोलकाठी जाते.

बाकीची बोट चांगली होती, हे मला मनापासून सांगायचं आहे. कीलचा, म्हणजे तळाला जोडलेल्या जड वजनाचा, सांधा घट्ट. सुकाणूत खेळ नाही. तळाला थोडे फोड होते, ते पाहून घेणारी मुलगी घाबरली, पण फायबरच्या थरात पाणी मुरून आलेल्या तशा फोडांनी बोट बुडत नाही. लोक फोडांना नको इतके घाबरतात आणि ओल्या डेककडे दुर्लक्ष करतात. इंजिन थंड असताना पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि धूरही स्वच्छ.

दुपारी खर्चाचा अंदाज मांडला. डेकचा पट्टा उघडून नवा गाभा घालणं, आडभिंतीचा तुकडा, दोन्हीकडच्या चेनप्लेट, सगळ्या तारा, आखडलेले दोन सी-कॉक (तळाच्या भोकांवरचे पाण्याचे नळ), आणि शिडं, कारण पावती नवी म्हणत असली तरी ती बारा वर्षांची होती आणि शिलाई नखाने उसवत होती. बेरीज काकांच्या मागणीच्या दीडपट झाली. यातलं काही पुढे ढकलता येतं, पण तारा आणि चेनप्लेट नाही. इतक्या जुन्या बोटीला विमा कंपन्या पाण्याबाहेरची तपासणी मागतात, आणि तारांना दहा-पंधरा वर्षं उलटली की बदला म्हणून अडून बसतात. विमा नसेल तर बहुतेक मरीना, म्हणजे बोटी भाड्याने लावून ठेवायचे धक्के, जागा देत नाहीत.

जोडप्याची परवानगी घेऊन मी काकांशी बोलले. त्यांचा प्रश्न सरळ होता: "अशीच बोट २०२१ मध्ये दोन आठवड्यांत जात होती. माझ्याकडे तेव्हा एक जण आला होता, मी नाही म्हटलं. आता काय झालं?"

झालं ते असं. साथीच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, घरात कोंडलेली माणसं बोटींवर तुटून पडली. तो जोर तेव्हापुरता होता. २०२२ पासून व्याजदर चढले, कर्ज महागलं, आणि त्या लाटेत घेतलेल्या बोटीही पुन्हा विक्रीला आल्या. पण हे सगळं वरवरचं. मुळातलं कारण फार जुनं आहे. १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये पिअर्सन ट्रायटन नावाची २८ फुटी फायबरची बोट आली आणि मध्यमवर्गाला कुटुंबासह राहता येईल अशी बोट परवडायला लागली. पुढची वीस-पंचवीस वर्षं कारखान्यांनी साचे भरभरून बोटी काढल्या. कॅटलिना २२ ही एकच छोटी बोट घ्या, १५ हजारांहून जास्त बनल्या. लाकडी बोट दुर्लक्ष झालं की कुजून संपते आणि बाजारातून आपोआप वजा होते. फायबरचा सांगाडा चाळीस वर्षांनीही उभा असतो. म्हणजे पुरवठा नुसता साठत गेला, आणि ज्या पिढीने त्या घेतल्या ती आता एकाच वेळी विकायला निघाली आहे. समोर घेणारे थोडे. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना आत उभं राहता येईल अशी, दोन केबिनची मोठी बोट हवी असते. बाकीच्यांना वर्षातले चार दिवस भाड्याने घेणं पुरतं.

"मग थांबतो," काका म्हणाले. "भाव परत येईल."

इथे मी त्यांच्याच फाईलमधल्या पावत्या घेतल्या. मरीनाचं भाडं बोटीच्या लांबीवर असतं, किमतीवर नाही. तीस फुटांची नवी बोट असो की खडूच्या रेघा मारलेली, भाडं तेच. २०२१ चा गिऱ्हाईक परतवल्यापासूनचं भाडं, विमा, दरवर्षी तळाला लावायचा रंग, हंगाम संपल्यावर यार्डात ठेवण्याचे पैसे, एका कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने मांडले. तेव्हाच्या गिऱ्हाइकाने देऊ केलेल्या रकमेच्या पुढे बेरीज गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कोणी घेतलीच नाही तर?"

हे मी क्वचितच कोणाला सांगते, पण विचारलं होतं म्हणून सांगितलं. अशा बोटीत भंगारवाल्याला रस असलेली एकच मोठी वस्तू म्हणजे कीलमधलं शिसं, तीस फुटी बोटीत साधारण पावणेदोन-दोन टन. फायबर वितळवून परत वापरता येत नाही. ते करवतीने कापायचं आणि पुरायचं, नाहीतर काही देशांत सिमेंटच्या भट्टीत जाळतात. कापण्याचा आणि टाकण्याचा खर्च शिशाचे पैसे खाऊन टाकतो. फ्रान्सने २०१९ पासून जुन्या बोटी मोडण्याची व्यवस्था उभी केली, तिथे मालकाला फक्त केंद्रापर्यंतची वाहतूक करावी लागते. मोडण्याचा खर्च नव्या बोटी विकणाऱ्यांकडून घेतात. अशी सोय नसेल तिथे शेवटचा मालक अडकतो. काही जण नाव खोडून बोट खाडीत सोडून देतात, आणि त्या बाहेर काढायचा भार सगळ्यांवर पडतो. मला याचा राग येतो, पण ती माणसं कशी त्या टोकाला गेली हेही मी पाहिलेलं आहे: दरवर्षी एक गिऱ्हाईक परतवून.

काका बराच वेळ बोटीभोवती फिरले. मग जोडप्याकडे गेले. मी मधे पडले नाही, तो माझा अधिकार नव्हता. मागितलेल्या किमतीच्या दहाव्या हिश्शावर सौदा ठरला. हंगाम संपेपर्यंतचं भाडं काका भरणार, सुट्टे भाग आणि फाईल बोटीबरोबर जाणार, आणि डेक उघडायच्या कामाला काका स्वतः येणार, कारण कुठला बोल्ट कुठे संपतो हे त्यांनाच माहीत होतं. जोडप्यातल्या मुलाने आधी संकोचून आकडा वाढवायची तयारी दाखवली. काकांनी ते पैसे तारांना ठेवायला सांगितले.

मला हा सौदा बरोबर वाटला आणि आजही वाटतो. बाजारभावाच्या रकान्यात मी तोच आकडा लिहिला. जोडप्याने उरलेल्या पैशांत तारा आणि चेनप्लेट केल्या तर बोट त्या हंगामात चालणार होती. काकांनी मूळ किंमत धरून ठेवली असती तर ती आणखी दोन वर्षं टेकूंवर बसून राहिली असती आणि ओल आडभिंतीच्या तळापर्यंत उतरली असती.

निघताना मुलीने वही उघडून विचारलं, "ताई, सुरुवात कुठून करू? तारा आधी की डेक?"

"डेक. पण त्याआधी डोलकाठी खाली उतरवून ठेवा, मग डाव्या बाजूची चेनप्लेट काढा आणि भोक कोरडं होऊ द्या. तारांची मापं तेव्हाच घ्या."

तिने लिहून घेतलं. डोलकाठी उतरवायला क्रेन कधी मिळेल ते विचारायला काका यार्डाच्या ऑफिसकडे निघालेच होते.