झांज आणि आवाज जुळले! दोष कापराच्या अंधारात होता

एकदाचा उलगडा झाला. मागच्या नोंदीत गणपतीच्या आरतीच्या, फोनवर घेतलेल्या १२ मिनिटांच्या क्लिपचं कोडं मांडलं होतं: सुरुवातीला आवाज बरोबर, शेवटी प्रसाद वाटतानाही बरोबर, आणि मधल्या भागात ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. दोन्ही टोकं जुळत असताना ऑडिओ ताणून किंवा आकसून काहीच होत नाही. एक टोक बसवलं की दुसरं निसटतं.

या खेपेला टोकं सोडून मधल्या जागा मोजल्या. खुणेला झांज उत्तम, वेगळी टाळी वाजवायला नको. वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) तिचा ठोका सुईसारखा उभा राहतो आणि दोन्ही चकत्या भिडतात ती फ्रेमही नेमकी सापडते. आकडे असे आले: २ मिनिटांवर चित्र १ सेकंद मागे, ४ वर २ सेकंद मागे, ५:४५ ला २.९ मागे. आणि ६:१५ ला एकदम २.९ सेकंद पुढे! ९ मिनिटांवर दीड सेकंद पुढे, १२ वर शून्य.

५:४५ ते ६:१५ म्हणजे कर्पूरगौरं. ट्यूबलाइट बंद, उजेड फक्त कापराचा. अंधार पडला की फोनचा कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेतो, आणि त्यासाठी सेकंदाला ३० फ्रेमचा वेग सोडून इथे तो २४ वर उतरला. ३० सेकंदांत १८० फ्रेम कमी. जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरने एकूण २१,४२० फ्रेमना ७२० सेकंदांनी भागलं, २९.७५ हा सरासरी वेग धरला आणि सगळ्या फ्रेम समान अंतरावर मांडून टाकल्या. त्यामुळे उजेडातलं चित्र किंचित संथ, अंधारातलं भरधाव, आणि एकूण लांबी मात्र तंतोतंत. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये ‘फ्रेम रेट मोड : व्हेरिएबल’ (म्हणजे फ्रेमचा वेग बदलता) ही ओळ पहिल्या दिवसापासून समोर होती. असो.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. चूक सरळ रेषेत वाढत गेली (१० मिनिटांवर २ फ्रेम, २० वर ४, ३० वर ६) तर बहुधा फोन आणि वेगळ्या रेकॉर्डरची घड्याळं जुळत नाहीत. तिथे ऑडिओचा वेग किंचित बदलला की भागतं. चूक मधेच वळली तर व्हेरिएबल फ्रेम रेट, आणि टाइमलाइनवर घेण्याआधी फाइल बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

बदलण्यासाठी हँडब्रेक हा मोफत व्हिडिओ कन्व्हर्टर. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० निवडा आणि खालचं बटण ‘पीक’वरून ‘कॉन्स्टंट’वर आणा. सगळे फसतात ते इथेच: ३० फ्रेमच्या तयार प्रीसेटमध्ये ‘पीक’ असतं, म्हणजे ३० ही फक्त कमाल मर्यादा, २४ चे २४च राहतात. एन्कोडर एच.२६४, क्वालिटी आरएफ १८ (आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी), ऑडिओ एएसी पासथ्रू (आवाज जसाच्या तसा). अंधाऱ्या भागात दर चार फ्रेममागे एक फ्रेम दोनदा येते. कापराच्या ज्योतीत ते कळतही नाही. नव्या फाइलवर सहाही जागी झांज फ्रेमवर बसली. ५:४५ चा तो ठोका तीनदा ऐकला, निव्वळ सुखासाठी. मूळ फाइल मात्र पुसू नका.

शॉटकट हा मोफत एडिटर अशी फाइल ओळखून स्वतःच बदलून देण्याबद्दल विचारतो. सोय चांगली, पण तिथले वरच्या दर्जाचे पर्याय डिस्क गिळतात. घरगुती कामाला हँडब्रेक बरा. आणि या कामासाठी महागडं व्ही३० मेमरी कार्ड घेऊ नका. फोनचं १०८०पी चित्रण १७ मेगाबिटच्या आसपास, म्हणजे सेकंदाला जेमतेम २ मेगाबाइट; व्ही३० ची हमी ३० मेगाबाइटची. तो पैसा दुसऱ्या बॅकअप डिस्कला लावा.

उरलेल्या सात क्लिपही अशाच बदलायच्या ठरल्या होत्या, पण हे लिहिता लिहिता सुचलं: आधी मीडियाइन्फोत किमान वेग पाहावा. तो २९.९ च्या वर असेल तर क्लिप छोट्या तुकड्यांत कापूनच भागेल. पुढच्या गणपतीसाठी मॅन्युअल कॅमेरा ॲपमध्ये वेग ३० आणि शटर १/५० वर कुलूपबंद. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/५० किंवा १/१०० ला चित्रात पट्टे येत नाहीत, १/६० ला येतात. अंधारात चित्र काळं पडेल, हे खरं. मग मखराच्या मागे एक छोटा एलईडी दिवा चालूच ठेवायचा. कापराची शोभाही जात नाही.

आता इंदूरच्या राजवाड्यावरच्या गेरीचं, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचं, फुटेज घ्यायचंय. ते भर उन्हातलं, वेग फारसा हलणार नाही. पण अर्ध्या क्लिप व्हॉट्सॲपवरून दाबून आल्यात. त्या ‘डॉक्युमेंट’ म्हणून परत मागवल्या आहेत.