180 घोडे आणि एक गोल लूप

शनिवारी एरोबॅटिक, म्हणजे विमानांच्या हवाई कसरतींच्या, स्पर्धेत रेकॉर्डरचं काम केलं. टेक्सासचं ऊन, घडीची खुर्ची, मांडीवर क्लिपबोर्ड. जजला विमानावरून नजर हलवता येत नाही; ते आकडे बोलतात, आपण लिहायचे. विमानाने हवेत काढलेली प्रत्येक आकृती 10 गुणांपासून सुरू होते, 5 अंश चुकले की अर्धा गुण जातो, आणि उरलेल्या गुणांना त्या आकृतीच्या काठिण्याने गुणतात.

स्पोर्ट्समन नावाच्या गटात आधी एक्स्ट्रा 300 हे विमान आलं. 300 हॉर्सपॉवर! कर्कश गर्जना, आणि बघता बघता सगळ्या आकृत्या संपल्या. मग आलं सुपर डेकॅथलॉन. कापडाने मढवलेलं, वर पंख असलेलं, 180 हॉर्सपॉवरचं. मीही यावरच शिकते, म्हणून जीव गोळा करून बघत होते.

याला लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ, घ्यायचा तर आधी नाक खाली करून ताशी 140 मैलांचा वेग जमवावा लागतो, म्हणजे उंची खर्चावी लागते. आणि ती परत सहज मिळत नाही. 1500 फुटांखाली गेलं तर दंड, कसरत मध्येच थांबवून वर चढलं तरी दंड. माझी बहुतेक सगळी सरावाची उड्डाणं या हिशोबातच अडकतात. लूपच्या माथ्यावर वेग अगदी मरतो. तिथे स्टिक (विमान वळवायचा दांडा) किंचित सैल सोडली नाही तर वर्तुळ वरून चेपतं.

डेकॅथलॉनच्या पायलटचं चेपलं नाही. जज म्हणाले, “एट पॉइंट फाइव्ह.” लिहिताना माझा हात थरथरला.

गटात तो चौथा आला. पण कमी ताकदीच्या विमानांच्या पायलटांसाठीचं पदक त्याला मिळालं, आणि मला ते मनापासून पटलं. जज फक्त आकार बघतात हे खरं, पण जास्त ताकदीच्या इंजिनाला उंची स्वस्तात मिळते. इथे प्रत्येक फूट आधीच मोजून ठेवावा लागतो. हे कौशल्य निकालाच्या तक्त्यात एरवी दिसत नाही.

संध्याकाळी हँगरमध्ये त्याने मला विमानाच्या पॅनेलवर चिकटवलेलं सीक्वेन्स कार्ड, म्हणजे आकृत्यांच्या क्रमाचं कार्ड, दाखवलं. आरेस्टी चिन्हांच्या (आकृत्या कागदावर मांडायच्या खुणांच्या) ओळीत, प्रत्येक आकृतीशेजारी पेन्सिलीने लिहिलेली उंची: 3300, 2900, 2400… शेवटच्या आकृतीशी 1800, आणि खाली दोनदा ओढलेली रेघ. मी विचारून फोटो काढला. रविवारी सकाळी आठला सरावासाठी विमान बुक केलं आहे. माझं कार्ड आज रात्री लिहून काढते.