वावरांची नावं

आषाढीची वारी मी तीनदा केली, पण वाटेवरची शेतं काही बघितली नाहीत. तेव्हा दिसायला असतं तरी काय? नुकती पेरलेली काळी रानं, आणि त्यांच्याआड माणसंच माणसं. यंदा कार्तिकीला निघालो. बार्शीकडची लहानशी दिंडी, चाळीस-बेचाळीस माणसं, एक वीणा, एक तुळस आणि सामानाचा टेम्पो. आमचे वडील जन्मभर कार्तिकीच करत आले. आषाढीला पेरणी टाकून निघता यायचं नाही. "देव निजायला जातो तेव्हा आपण पेरत असतो. उठला की त्याला रान दाखवायला जायचं," असं ते म्हणायचे. लहानपणी मला ते बोलण्यापुरतं बोलणं वाटायचं.

भगवंताचं दर्शन घेऊन बार्शी सोडली. पुढचे दोन दिवस एकमेकांत मिसळून गेलेत, कुठला मुक्काम आधी आणि कुठला नंतर ते आता सांगता येणार नाही. लक्षात राहिल्या त्या पहाटा. कोजागिरीपासून गावोगावी काकडा चालू असतो, त्यामुळे एका गावचा भोंगा मागं विरतो न विरतो तोवर पुढच्या गावचा ऐकू येतो. मधल्या पट्ट्यात फक्त आमचे टाळ. रानातून निघालं की दहिवरानं पोटऱ्यापर्यंत धोतर भिजायचं. सोयाबीन निघून गेलेलं, त्या जागी हरभरा दोन-चार पानांवर आलेला. तुरीला पिवळा फुलोरा. ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली. ही शाळू ज्वारी पावसाच्या नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीच्या जिवावर वाढते. वरून एक थेंब नाही आणि खाली काळ्या मातीत साठवलेलं सगळं ती हळूहळू वर ओढून घेत असते. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण भल्या पहाटे त्या पानांना हात लावेपर्यंत त्याचं काही वाटलं नव्हतं.

आणि चिडचिडही होत होती, ती लपवत नाही. आमचे विणेकरी पंच्याहत्तरीचे, पण चाल अशी की मागची बायामाणसं पळायला लागायची. बसू द्या म्हटलं की "माऊली, मुक्कामाला बसायचंच आहे." गळीत नुकतं सुरू झालेलं, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर कर्णा लावलेला. हरिपाठाच्या मधोमध असली गाणी कानावर आली की मला संताप यायचा. एकदा मी हात करून ओरडलोही. ट्रॅक्टरवाल्या पोरानं आवाज बंद केला, टोपी काढून नमस्कार केला आणि पुढं गेला. माझं तोंड बराच वेळ कडू राहिलं.

लऊळला कूर्मदासांच्या पायाशी डोकं ठेवलं. अरणला सावतोबांच्या समाधीपुढं कांदा-मुळ्याचा अभंग झाला, पिठलं-भाकरी झाली, झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोडनिंब मागं टाकलं आणि डाव्या टाचेवरचा फोड फुटला. उजव्या पायाला अंगठ्याखाली दुसरा होताच. डांबर तापलेलं. कार्तिकातलं ऊन सकाळी अंगाला गोड लागतं आणि दुपारी बाराला पाठ भाजून काढतं. मी मागं पडलो. आधी मृदंग ऐकू येईना, मग टाळ. टेम्पो केव्हाच पुढच्या विसाव्याला गेलेला. मनात वाईट विचार यायला लागले. विणेकऱ्यांबद्दल, दिंडीबद्दल, पुढं जाऊन एकदाही वळून न बघणाऱ्या माणसांबद्दल. नामस्मरण तोंडात होतं, पण ते दात आवळून चाललेलं.

रस्त्याच्या कडेला एका बांधावर बाभळीच्या सावलीत बसलो. ज्वारीत एक म्हातारी खुरपत होती. तिनं मान वर केली, माझे पाय बघितले, आणि खुरपं तिथंच खोचून आली.

"बैस माऊली. पाय हिकडं कर."

मी संकोचलो. म्हटलं, "आजी, राहू द्या, चालेन मी."

"चालशील की. आदी पाय तर बगू दे."

तिनं पाटातलं पाणी तांब्यात आणून पायांवर घातलं. ते विहिरीचं पाणी इतकं गार होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाभळीचा एक लांब पांढरा काटा मोडला, पदराला पुसला आणि अंगठ्याखालचा फोड कडेनं हलकेच टोचला. "कातडी वढू नगं. आतलं पानी तेवढं जाऊ दे." बांधावरचाच दगडी पाला खुडून तिनं तळहातावर चोळला आणि दोन्ही जखमांवर पिळला. झोंबलं, मग थंड वाटलं. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून टाच बांधली. हे सगळं करताना ती माझ्याकडं बघतही नव्हती. ज्वारीतलं तण काढावं तितक्याच शांतपणे तिचे हात चालले होते.

फडक्यातली भाकरी सोडून तिनं अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा आणि पातीचा कांदा. खाता खाता विचारलं, "आजी, पंढरपूर एवढं जवळ, तुम्ही नाही येत?"

"सासू हुती तवर जायचे. आता जनावरं कुनी बगायची? लाईट रातीची येती. लेक रातभर दारं धरतो, दिसा निजतो. मग दिसाचं रान माज्याकडं." जरा थांबून म्हणाली, "सावतोबा तरी कुटं ग्येला हुता?"

तिनं ते अगदी सहज सांगितलं, शेजारघरच्या माणसाबद्दल सांगावं तसं. अरण तिथून हाकेच्या अंतरावर. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात आणि सावतोबांकडं पंढरीच्या पांडुरंगाची पालखी येते, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. १२९५ साली समाधी घेतलेला माणूस तिच्या बोलण्यात काल-परवाचा होता.

मी म्हटलं, "ज्वारी झकास आलीय."

"कुटली?" तिनं विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. समोर एकच हिरवं रान होतं. ती उठून उभी राहिली आणि खुरप्यानं दाखवायला लागली. तो विहिरीचा तुकडा. त्याच्या अल्याड बाभळीचं. खाली उतार लागतो ती खारट पट्टी, तिथं सासऱ्यांनी चाळीस गाड्या गाळ टाकला तेव्हा कुठं दाणा धरला. उसाला लागून आहे ती ढवळ्याची पट्टी. ढवळ्या बैल तिथं औत चालू असतानाच बसला तो उठला नाही, तिथंच त्याला पुरला. "त्येच्यावरची ज्वारी बग, हातभर उच्च हाय." आणि आम्ही बसलो होतो ते नवरीचं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा तिला इथं खुरपायला बसवलेलं. सासरे म्हणाले, आजपासून हे नवरीचं. आता तिचे सगळे केस पांढरे झालेत आणि नातवंडंसुद्धा म्हणतात, आज्जी नवरीच्यात गेलीय.

"आन ही बांदाकडची दोन तासं पाखरांची," ती म्हणाली. "कनसं भरली की त्यांनी हितं खायाचं. त्यास्नी ठावं असतं."

मी घास तसाच हातात धरून बघत राहिलो. ढवळ्याला जाऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे, पण अजून त्याच्या नावावर पेरणी होते, खुरपणी होते, काढणी होते. सातबाऱ्यावर यातलं एकही नाव सापडणार नाही. तिथं नुसता गट नंबर.

निघताना तिनं बांधावरच्या तुरीची फुललेली डहाळी मोडून माझ्या पिशवीत खोचली. "इटूबाला दे. म्हनावं, दिसाची लाईट दे. लेकाला रातीचं इच्चूकाट्याचं भ्या वाटतं." मी वाकून पाया पडायला गेलो तर तीच माझ्या पाया पडली. वारकऱ्याला असं पडतातच, मला ठाऊक आहे. तरी त्या क्षणी मला ते सहन झालं नाही.

पुढची वाट लंगडतच चाललो, पण वाट वेगळी झाली होती. आता भेटेल त्याला मी विचारायला लागलो, या वावराला काय म्हणता? लोक आधी बावरायचे, मग खुलायचे. चिंचेचं. देवाचं. हाडकी. एका जागेला भांडणाचं म्हणतात, दोन भावांनी तिच्यापायी कोर्टात जन्म घालवला. यंदा तिथं हरभरा आहे आणि दोघांचीही नातवंडं त्यात घाटे शोधत फिरतील. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटलेल्या एका द्राक्षबागेला बाईंची बाग म्हणतात, कुठल्या बाई ते मालकालाही ठाऊक नव्हतं. विणेकरी विसाव्याला भेटले. मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःचं घोंगडं माझ्या पायाखाली घातलं, आणि दुपारभर त्यांच्याबद्दल जे जे मनात आलं होतं ते आठवून मला मान वर करवेना. झोपायच्या आधी त्यांनाही विचारलं. त्यांच्याकडं अडीच एकर आहे. एका पट्टीचं नाव सांगताना म्हातारा रडला. का ते मी विचारलं नाही.

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग फार लांब गेली होती. चंद्रभागेत स्नान केलं, कळसाला हात जोडले, नामदेव पायरीशी आलो. तुरीची फुलं पिशवीत सुकून गेली होती, पण पिवळेपणा होता. ती पायरीवर ठेवली. लाईटचा निरोप सांगितला. मग काय मागावं ते सुचेना, म्हणून डोळे मिटून तिची वावरंच म्हणायला लागलो. विहिरीचा तुकडा. बाभळीचं. खारट पट्टी. ढवळ्याची पट्टी. पाचवं नाव काही केल्या आठवेना. मागून रेटा आला, कुणीतरी म्हणालं, "चला माऊली," आणि मी बाजूला झालो.

द्वादशीला रात्रीच्या एसटीनं निघालो. खिडकीशी बसलो होतो. चांदणं एवढं की ज्वारीची पानं मोजून घ्यावीत. मोडनिंबच्या अलीकडं कुठंतरी रानात बॅटरीचा उजेड हलताना दिसला. कुणीतरी वाकून दारं मोडत होतं, पाण्याचा पाट मध्येच चमकत होता. ते रान तिचंच होतं की नाही, कसं सांगणार?

"नवरीचं," मी मोठ्यानं म्हणालो. शेजारचा प्रवासी जागा झाला आणि त्यानं विचारलं, कुठलं गाव आलं?