तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगरातली नदी जास्त वेगानं वाहते ना?

नद्यांचा नाद आहे म्हटलं की लोक हमखास विचारतात, "डोंगरात नदी धावते आणि सपाटीवर आली की संथ होते, बरोबर ना?" बऱ्याचदा तो प्रश्न नसतोच, नुसता दुजोरा हवा असतो. मी "नाही" म्हटलं की चेहरे पडतात.

मलाही आधी तसंच वाटायचं. खोड मोडली ती एका काडीनं. डोंगरातल्या ओढ्यात काडी टाकली, वीस मीटर खाली जाऊन उभा राहिलो आणि सेकंद मोजू लागलो. दोन खडकांमधून काडी सुसाट सुटली आणि खालच्या डोहात गरगरत बसली. एका दगडामागे तर चक्क उलटी, उगमाकडे सरकली. खाली रुंद, गढूळ, निवांत दिसणाऱ्या पात्रात टाकलेल्या काडीबरोबर काठानं चालताना मात्र माझी दमछाक झाली. (हा वेग पृष्ठभागाचा. पृष्ठभागापासून तळापर्यंतची सरासरी हवी तर त्याला साधारण ०.८५ नं गुणायचं.)

लूना लिओपोल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५३ साली प्रवाहमापनाच्या नोंदींवरून हेच दाखवलं: मुखाकडे जाताना नदीचा सरासरी वेग सहसा घटत नाही, किंचित वाढतोच.

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण इथं शब्दशः खरी आहे. डोंगरात पाणी दर पावलाला धोंड्यांवर आपटतं. उतारानं दिलेली बरीचशी ताकद फेसात, भोवऱ्यांत आणि आवाजात जाते. खाली उतार कमी होतो, पण उपनद्या मिळून पात्र खोल होतं आणि धोंड्यांच्या जागी वाळू नि गाळ येतो. पाण्याच्या मानानं तळाचं घर्षण कमी पडतं. पेरू देशातल्या इकीतोस शहराजवळ ॲमेझॉन समुद्रापासून सुमारे ३,६०० किलोमीटरवर असते आणि उंची जेमतेम शंभर मीटर, तरी ती तुंबत नाही.

"मग गाळ खाली का साचतो?" हा पुढचा प्रश्न, आणि तो मला जास्त आवडतो. मोठे धोंडे पुढे ढकलायला तीव्र उतार लागतो, म्हणून ते वरच राहतात. बारीक गाळ मात्र पाण्याबरोबर खूप दूर जातो. पूर काठ ओलांडून शेतांत पसरला की तिथलं पाणी गुडघाभर आणि सुस्त होतं. गाळ बसतो तो मुख्यतः तिथं. मधलं पात्र तेव्हाही जोरात पुढे निघालेलं असतं.