ब्लेड ट्रेमध्येच राहिलं

तिच्या उजव्या स्तनावर तीन चिरांचे व्रण होते आणि एकातून अजून पू झिरपत होता. चार महिन्यांत तीनदा गळू म्हणून कापलेलं, दर वेळी नवं अँटिबायोटिक. मूल तीन वर्षांचं, अंगावरचं दूध कधीच सुटलेलं. चौथी चीर मी देणार होते.

टेबलावर झोपता झोपता ती म्हणाली, "मॅडम, पायही फार दुखतात हो." पाहिलं तर दोन्ही नडग्यांवर लाल, कढत, बोट लावलं तरी कळ येईल अशा गाठी. इरिथेमा नोडोसम, म्हणजे त्वचेखालच्या चरबीला आलेली सूज. साध्या गळवात हे सहसा दिसत नाही. आधी तिघांनी तपासलं होतं, पायांकडे कुणीच पाहिलं नव्हतं. तिने सांगितलं नसतं तर मीही पाहिलं नसतं.

चीर रद्द केली आणि कोअर बायॉप्सी घेतली, म्हणजे जाड सुईने गाठीचे तुकडे काढले. काही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी फॉर्मालिनमध्ये, काही कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी, नुसत्या सलाइनमध्ये. यासाठी मी दर वेळी भांडते. सगळेच तुकडे फॉर्मालिनमध्ये बुडवले की कल्चर होतच नाही, आणि असाच दिसणारा टीबी निसटू शकतो; टीबी असताना सूज उतरवणारं स्टिरॉइड दिलं तर आजार भडकतो. रिपोर्टमध्ये लोब्यूलभोवती (दूधग्रंथींच्या पुंजक्यांभोवती) ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींच्या बारीक गाठी. कॅन्सर नाही, टीबीत दिसणारं केझिएशन (पेशी मरून पनीरासारखं होणं) नाही. इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे अशा गाठी करणारी, कारण न सापडलेली स्तनाची सूज. १९७२ साली केसलर आणि वोलोच यांनी वेगळा ओळखलेला हा आजार आजही गळू म्हणून कापला जातो. जखमा मग भरतच नाहीत, वाहत राहतात.

जीनएक्स्पर्ट, म्हणजे टीबीची झटपट जनुकीय चाचणी, निगेटिव्ह आलं, तरी टीबी कल्चरसाठी मी ६ आठवडे थांबले. पू साठला की सुईने काढायचा आणि वेदनाशामक द्यायचं, एवढंच. ती रात्र रात्र झोपत नव्हती. "कापून टाका ना एकदाचं," म्हणायची. कल्चरमध्येही काही उगवलं नाही.

मग प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, ३० मिलिग्रॅम. दहा दिवसांत नडग्या मोकळ्या झाल्या, महिन्याभरात स्तनही मऊ पडला. डोस १० वर आणला तशी गाठ पुन्हा वर आली. तेव्हा मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जोडलं, सोबत फॉलिक ॲसिड. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून चिठ्ठीवर मी स्वतः "फक्त रविवारी" असं लाल शाईने लिहिते आणि समोरच्याकडून वाचून घेते. हे औषध चालू असताना दिवस राहणं धोक्याचं. तिला दुसरं मूल हवं होतं, ते पुढे ढकलावं लागलं. हे ऐकताना ती पहिल्यांदा रडली.

वर्षभराने औषधं थांबवली. गाठ नाही, स्राव नाही. चिरांच्या जागचे तीन खळगे तेवढे राहिले.

ते ६ आठवडे अजून मनातून जात नाहीत. बायॉप्सी आणि जीनएक्स्पर्टवर भरवसा ठेवून स्टिरॉइड आधीच सुरू करायला हवं होतं का? सहकारी म्हणतात, हो. माझं उत्तर अजून ठरत नाही.