एनडीआरएफ येईपर्यंत कोण? होमगार्डबद्दल थोडं मनातलं

मिरगाचा पाऊस लागला की दरवर्षी बातमी येते, एनडीआरएफच्या, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाच्या टीम कोकणात दाखल. बरं वाटतं वाचून. ती माणसं जिवावर उदार होऊन काम करतात, त्याबद्दल दुमत नाहीच. पण त्यांचा मुख्य तळ तिकडे घाटावर, तळेगावजवळ आणि राज्याचं स्वतःचं एसडीआरएफ म्हणाल तर ते धुळे नि नागपूरला. आणि आपल्याकडे जेव्हा खरोखर बुडायची वेळ येते तेव्हा पहिल्यांदा काय बंद होतं, तर घाट. वरंधा बंद, कुंभार्ली बंद, हायवेला परशुराम घाटात दरड, मग मदतीची गाडी कितीही तयारीत असली तरी येणार कुठून?

22 जुलै 2021 आठवा. महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला, सावित्री फुगून महाड पाण्यात, इकडे वाशिष्ठीनं चिपळूण बाजारपेठ गिळली, लाईट गेली, मोबाईलची रेंज गेली, लोक माळ्यावर नि पत्र्यावर बसून होते आणि फोन लावायचा तरी कुणाला. त्याच दिवशी संध्याकाळी महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीच्या वर माणसं गेली. बाहेरची मोठी मदत पोचली दुसऱ्या दिवशी, तोवर आजूबाजूच्या वाड्यांतली माणसंच चिखलात हात घालून शोधत होती. दोन वर्षांनी 19 जुलै 2023 च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे तर रस्ताच नाही, मशीन वर जाईना, पावसात अंधारात चढून जायचं, त्या चढावर अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकारानं जीव गेला. वाट माहीत असलेली माणसं किती मोलाची असतात ते त्या रात्री कळलं.

म्हणून मला होमगार्डबद्दल लिहायचंय.

होमगार्ड म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे गणपतीत हायवेला शिट्टी मारत उभा असलेला खाकीतला माणूस येतो, बास. पण हे दल मुळात आपल्याच मुंबई प्रांतात डिसेंबर 1946 मध्ये उभं राहिलं, दंगलीचे दिवस होते, मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते, मग 1947 साली कायदा झाला आणि 1962 च्या चीन युद्धानंतर ही कल्पना देशभर गेली. म्हणजे शेतकरी, दुकानदार, रिक्षावाला, कॉलेजातला पोरगा, आपापलं काम सांभाळून राज्य बोलवेल तेव्हा हजर होणारा. पोलिसांना मदत हे काम होतंच, पण आग, पूर, भूकंप अशा वेळी लोकांच्या मदतीला धावणं हेही पहिल्यापासून त्यांच्याच कामात येतं.

अमेरिकेतही बऱ्याच राज्यांत अशी स्वयंसेवकांची दलं आहेत, स्टेट गार्ड म्हणतात, ती गव्हर्नरच्या हाताखाली असतात. नॅशनल गार्ड हे तिथल्या सैन्याचं राखीव दल वेगळं, त्याला केंद्र सरकार परदेशी पाठवू शकतं, स्टेट गार्डला तसं नेता येत नाही, ते राज्यातच राहतं. 2017 च्या हार्वे चक्रीवादळात टेक्सासच्या स्टेट गार्डनं निवारा केंद्रं सांभाळली. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते, माणूस तिथलाच आणि त्याला काम आधीच शिकवून ठेवलेलं.

माझा आतेभाऊ होमगार्ड आहे. 2021 च्या पुरात त्याला कुणी बोलावलं नव्हतं, बोलवणार कसं, फोनच बंद. अंगात हाफपँट, कमरेला गाईचं दावं बांधलेलं आणि ट्रकच्या टायरची ट्यूब, एवढ्यावर तो आळीतल्या म्हाताऱ्यांना एकेक करून शाळेच्या माडीवर नेत होता. दाव्याचं दुसरं टोक त्यानं विजेच्या खांबाला नाही बांधलं, फणसाला बांधलं, कारण खांब पाण्यात हलत होता हे त्यानं बघितलेलं. हे त्याला कवायतीत कुणी शिकवलं नव्हतं. लाइफ जॅकेट त्यानं तोपर्यंत कधी घातलंसुद्धा नव्हतं. पोहता येत होतं ते लहानपणी डोहात उड्या मारून. आता विचार करा, याच माणसाला दोरीच्या चार गाठी, पाण्यातल्या माणसाला मागून कसं धरायचं, छाती दाबून श्वास कसा चालू करायचा हे नीट शिकवलं असतं आणि तालुक्याला एक रबरी बोट नि वायरलेस असता तर काय झालं असतं.

2024 मध्ये होमगार्डचा रोजचा भत्ता 570 वरून 1083 रुपये केला, हे फार चांगलं झालं. पण पैसे मिळतात ड्युटी लागली तरच, आणि ड्युटी लागते बंदोबस्ताची. निवडणूक, गणपती, शिमगा. माझं म्हणणं एवढंच की जून ते सप्टेंबर कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात थोडे होमगार्ड पावसाच्या ड्युटीवर ठेवा, रेड अलर्ट आला की कुणी फोन करायची वाट न बघता त्यांनी ठरलेल्या जागी जमायचं. जुलैत लावणी असते, त्या दिवशी शेत सोडून यायचं तर मजुरी बुडते, म्हणून भत्ता अलर्टच्या दिवसापासूनच चालू व्हायला हवा, पूर आल्यावर नाही.

गावातल्या स्वयंसेवकांना आपत्तीतलं काम शिकवणारी सरकारची आपदा मित्र योजना आहेच. बारा दिवसांचं ट्रेनिंग, किट, विमा, सगळं चांगलं आहे. पण किट घेऊन घरी गेलेला मुलगा पुढे नोकरीला मुंबईला गेला की गावात किट राहतं नि माणूस जातो. होमगार्डचं तसं नाही, तिथे हजेरी आहे, कवायत आहे, तालुका समादेशक आहे, कोण हजर कोण गैरहजर हे माहीत असतं. दोन्ही जोडा ना, आपदा मित्रांचं शिक्षण होमगार्डच्या पथकांना द्या.

आणि अजून एक, जे मला सगळ्यात जास्त वाटतं. पावसाळ्यात जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. म्हणजे कोकणात ज्या दिवसांत सगळ्यात जास्त पाऊस पडतो, नेमकं त्याच दिवसांत हर्णै, दाभोळ, जयगड, श्रीवर्धनकडची पाण्यात जन्मलेली माणसं घरी असतात, मोठ्या बोटी शाकारून ठेवलेल्या असतात, पण छोट्या होड्या खाडीत असतातच. भरतीच्या वेळी नदीचं पाणी खाडीत शिरत नाही, तटतं, मग शहरात चढतं, ते ओहोटीला कधी उतरेल हे या माणसांना घड्याळाशिवाय कळतं. त्यांच्यातल्या तयार असलेल्यांची नावं होमगार्डमध्ये वेगळ्या पथकात घ्या. दहावी पास नि 1600 मीटर धावण्याची अट त्यांच्यासाठी बाजूला ठेवा, पाण्यात होडी चालवून दाखवायला सांगा. आणि होडीचा विमा सरकारनं भरावा, कारण पुरात वाहून आलेलं लाकूड आपटून फळी फुटली तर पुढचा अख्खा सीझन त्या घराचा जातो, आणि हे माहीत असूनही माणसं होडी घेऊन येतात.

आमच्या तालुक्यासाठी या दोन्ही मागण्यांचं निवेदन लिहून तयार आहे, ग्रामसभेत ठराव घेऊन कलेक्टर ऑफिसला द्यायचंय. तुमच्या गावात कुणी होमगार्ड किंवा खाडीत होडी असलेलं असेल तर त्यांच्याशी बोला, आणि असाच ठराव तुमच्या ग्रामसभेत पाऊस सुरू व्हायच्या आत घ्या.